लॅपटॉप मेला म्हणण्याआधी अर्थिंगचा खड्डा बघा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. पत्र थोडं लांबेल, पण शक्यतो कापू नका अशी विनंती, कारण मधलंच काही गळलं तर कोणीतरी अर्धवट वाचून भलतंच करून बसेल आणि विषय करंटचा आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात फॉर्म भरायचं केंद्र चालवते. घराच्याच ओसरीत एक टेबल, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि एक जुना लॅपटॉप, एवढंच. पीकविमा, सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पोरापोरींची स्कॉलरशिप, म्हाताऱ्या माणसांचे पेन्शनचे हयातीचे दाखले, सगळं ह्या एका मशीनवर चालतं. लॅपटॉप सेकंडहँड आहे, भावाने नागपूरहून आणून दिलेला, कुठल्यातरी ऑफिसात आठ-दहा वर्षं वापरून काढून टाकलेला असेल, जाड आहे, जड आहे, पण बॅटरी खटका दाबून बाहेर निघते आणि मागचं झाकण स्क्रूने उघडतं, आणि हेच पुढे माझ्या कामी आलं.

मागच्या जुलैतली गोष्ट सांगते. खरीप पीकविम्याची शेवटची तारीख ३१ जुलै, कधी वाढते कधी वाढत नाही, त्या भरवशावर कोणी राहत नाही. २८ तारखेला रात्री मोठा पाऊस झाला, लाइन चार वेळा गेली चार वेळा आली, आणि सकाळी लॅपटॉपचं बटण दाबलं तर लाइट लागला, पंखा फिरल्याचा आवाज आला, आणि स्क्रीन काळीच. पाच मिनिटं थांबले, काळीच. बंद करून परत लावला, तेच. बाहेर पायरीवर अकरा लोक बसलेले, त्यातले दोघे तर शेतातून डवरण सोडून आलेले. एका आजीने विचारलं, "काहून वं माय, बंद पडलं का थे?" मला उत्तरच देता येईना.

तसाच पिशवीत टाकून एसटीने तालुक्याला गेले. दुकानदाराने बटण दाबलं, काळी स्क्रीन पाहिली, झाकण उघडलंसुद्धा नाही, आणि म्हणाला मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, उडाला, सात हजार लागतील, त्यापेक्षा दुसराच घ्या, माझ्याकडे आहे एक. दोन मिनिटांत निकाल. मी परत घेऊन आले, येताना रडू आलं हे खरं सांगते, कारण सात हजार म्हणजे माझी दोन महिन्यांची कमाई आणि त्या लॅपटॉपमध्ये गावातल्या लोकांचे स्कॅन केलेले कागद होते.

घरी शेजारचा पोरगा आला, आयटीआयला आहे, तो म्हणाला ताई पहिले ह्यातला करंट पूर्ण काढू. चार्जर काढला, बॅटरी काढली, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. असं करण्याचं कारण त्याने सांगितलं ते असं, की वीज अशी झटक्यात जाते-येते तेव्हा आतल्या सर्किटमध्ये थोडा चार्ज साचून राहतो आणि मशीन मधल्याच कुठल्यातरी अवस्थेत अडकतं, बंद केलं तरी ते पूर्ण बंद होतच नाही. बटण दाबून धरलं की तो साचलेला चार्ज निघून जातो. मग बॅटरी न लावता नुसत्या चार्जरवर सुरू करून पाहायचं. माझ्या लॅपटॉपला तेवढ्याने फरक पडला नाही, पण गावातल्या दोघांचे पुढे तेवढ्यानेच सुरू झाले, म्हणून ही गोष्ट सगळ्यात पहिले करा, एक रुपया लागत नाही.

मग त्याने सगळी पॉवर काढून मागचं झाकण उघडलं आणि रॅमची, म्हणजे तात्पुरत्या मेमरीची, पट्टी काढली, ती दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या चिमट्या बाजूला केल्या की तिरपी वर येते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात, त्या काळपट पडल्या होत्या. पावसाळ्यातली दमट हवा, ओसरीतली धूळ, आणि वरून उन्हाळाभर टिनाच्या छताखाली तापणं. पोरीच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं, हलक्या हाताने त्या पट्ट्या घासल्या, कोरड्या कपड्याने पुसल्या, पट्टी परत खट् आवाज येईपर्यंत बसवली. बटण दाबलं आणि स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं. संध्याकाळचे सात वाजले होते, अकरापैकी आठ जण घरी गेले होते, त्यांना निरोप धाडला आणि रात्री साडेबारापर्यंत फॉर्म भरले.

त्या दुकानदारावर मला राग काढायचा नाही, नावही लिहिणार नाही, पण एक बोलते, गिऱ्हाइकासमोर झाकण तरी उघडा. डॉक्टर नाडी न पाहता आजार सांगत नाही. पंखा फिरतो आणि स्क्रीन काळी याची कारणं कितीतरी असतात. कधी स्क्रीनच गेलेली असते आणि मशीन चांगलं असतं, ते ओळखायला अंधारात स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून पाहायचा, आत पुसटसं चित्र दिसलं तर फक्त स्क्रीनचा लाइट गेला समजायचं, नाहीतर वायरीने टीव्हीला जोडून बघायचं. सुरू होताना बीप बीप वाजत असेल तर तेही मोजा, मशीन आपल्या परीने कुठे दुखतं ते सांगत असतं, प्रत्येक कंपनीची ती भाषा वेगळी असते एवढंच. ॲपलच्या जुन्या मॅकबुकमध्ये, म्हणजे साधारण २०१० ते २०१७ मधल्या, बॅटरी अशी बाहेर निघत नाही, त्यात पॉवरचं सर्किट नव्याने सुरू करायला चार्जर लावून डाव्या हाताची शिफ्ट, कंट्रोल, ऑप्शन ही तीन बटणं आणि पॉवरचं बटण सोबत दहा सेकंद दाबून सोडायची रीत आहे. आणि स्क्रीन लागून हार्डडिस्क सापडत नाही असा मेसेज आला, आतून टिक टिक आवाज येत असेल, तर तिथे हात थांबवा, परत परत चालू-बंद करू नका, कारण डिस्क शेवटच्या घटका मोजत असते आणि आतले कागद वाचवायचे असतील तर ते त्याच वेळी वाचतात.

अजून एक बारीक गोष्ट, जिच्यापायी माझी कितीतरी सकाळी वाया गेली. लॅपटॉप सुरू व्हायचा पण तारीख २००९ ची दाखवायचा आणि सरकारी साइट उघडायच्या नाहीत, सुरक्षित नाही असं लिहून यायचं. मला वाटायचं साइटच बंद आहे. तसं नव्हतं. मदरबोर्डावर घड्याळासाठी ३ व्होल्टचा गोल सेल असतो, तो संपला की तारीख मागे जाते, आणि साइटच्या सुरक्षेचं सर्टिफिकेट तारीख पाहूनच खरं-खोटं ठरतं, मग अशा साइट उघडत नाहीत. सेल किरकोळ किमतीत मिळतो, काही लॅपटॉपमध्ये नुसता खोचलेला असतो, काहींत वायर लावलेला असतो. सेल मिळेपर्यंत रोज सकाळी तारीख हाताने दुरुस्त केली तरी काम होतं.

आता टचपॅडचं सांगते, आणि माझं पत्र खरं तर ह्याच्यासाठी आहे.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात माझा बाण नाचायला लागला होता. टचपॅडवर बोट ठेवलं की बाण एकीकडे, बोट एकीकडे, न दाबताच क्लिक व्हायचं, एकदा तर एका पोरीच्या फॉर्ममध्ये जातीचा रकाना आपोआप बदलून गेला, नशीब सबमिट करायच्या आधी दिसलं. कोणी म्हणालं व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. तेही पैसे देऊन मारून आणलं, बाण तसाच नाचतो. कोणी म्हणालं टचपॅड बदला. मी मग एक साधा माउस घेतला आणि त्यावर काम चालवलं, पण लॅपटॉपच्या कडेला हात टेकला की बोटांना झिणझिण्या यायच्या, मुंगी चालल्यासारख्या, तेवढं काही कमी झालं नाही.

आमच्या गावात मोटार रिवाइंडिंगवाले एक काका आहेत, साठीच्या वरचे, सगळ्या विहिरींच्या मोटारी त्यांच्या हातून गेलेल्या, लॅपटॉप त्यांनी आयुष्यात वापरलेला नाही. ते बोअरच्या फॉर्मसाठी आले होते, मी झिणझिण्यांचं बोलले तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "चार्जर लावल्यावरच होते का थे, का बिना चार्जरचंबी होते?" मी चार्जर काढला. तेव्हा बॅटरी वीसेक मिनिटं तरी चालायची. बाण एकदम शांत. चार्जर लावला, नाच सुरू. काढला, शांत. काका म्हणाले, "मंग लॅपटॉपले काय झालं नाही. तुह्या घरची अर्थिंग मेली हाय."

त्यांनी मला समजावून सांगितलं आणि नंतर आयटीआयच्या पोराने अजून नीट सांगितलं, ते असं आहे. टचपॅड बोटाचा दाब मोजत नाही, बोट जवळ आलं की पॅडखालच्या जाळीत विजेचा जो अगदी नाजूक फरक पडतो तो मोजतं. म्हणूनच ओल्या हाताने, तेलाच्या हाताने, नाहीतर भाकरी थापून पिठाने कोरडे पडलेल्या बोटाने ते नीट चालत नाही, आधी हात धुऊन पुसा. आता चार्जरच्या आत २३० व्होल्टच्या बाजूपासून लॅपटॉपच्या बाजूपर्यंत एक छोटा कपॅसिटर, म्हणजे चार्ज धरणारा भाग, असतो, त्यातून अगदी थोडासा करंट गळतो, तो गळणारच, चार्जरची बनावटच तशी आहे, आणि तो तिसऱ्या पिनवाटे जमिनीत निघून जावा अशी सोय केलेली असते. जमिनीत जायला वाट नसली की तोच करंट लॅपटॉपच्या पत्र्यावर येऊन बसतो, आपल्याला झिणझिण्या येतात आणि टचपॅडला वाटतं दहा बोटं फिरताहेत.

आणि आपल्याकडे वाट नसते, हे कोणाच्याही घरी जाऊन बघा. एकतर तिसरी पिन बोर्डात बसत नाही म्हणून लोक दोन पिनची टोपी लावतात, काही जण तर पिनच तोडून टाकतात. बोर्डाला तीन भोकं असली तरी वरच्या भोकाच्या मागे वायरच नसते, नुसतं शोभेला. आणि वायर असली तरी ती जाऊन पोचते त्या खड्ड्यात, जो घर बांधताना खणला, त्यात सळी पुरून मीठ-कोळसा टाकला, आणि मग पंधरा वर्षं कोणी तिकडे पाहिलं नाही.

आपली जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. त्या भेगा अर्थिंगच्या सळीभोवतीही पडतात. सळीला माती चिकटून राहत नाही, ओल तर नसतेच, मग करंट जाणार कुठून. काकांनी माझ्या घरी फेज, म्हणजे करंटची वायर, आणि अर्थच्या मधे बल्ब लावून पाहिला, चिमणीसारखा मिणमिणता पेटला. मग आम्ही खड्डा मोकळा केला, मीठ आणि कोळशाचा चुरा भरला, चार बादल्या पाणी ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी परत बल्ब लावला तर लख्ख. लॅपटॉप लावला, बाण जागच्या जागी, झिणझिण्या नाहीत. मी एवढे दिवस टचपॅड बदलायला पैसे जमवत होते आणि लागलं काय, तर चार बादल्या पाणी. काका जाताना म्हणाले, "तुळशीले पाणी घालतं ना, तसं उनाळ्यात थ्या खड्ड्यातबी घालत जा." मी घालते, मार्चपासून मृग लागेपर्यंत, आठवड्यातून दोनदा.

दोन गोष्टी लगेच सांगते कारण ह्यात जीव जाऊ शकतो. ही बल्बची तपासणी स्वतः करू नका, वायरमनला बोलवा. आणि काही जण सोपा मार्ग म्हणून बोर्डातच तिसऱ्या भोकाला न्यूट्रलची वायर जोडून देतात, ते करू देऊ नका, कारण पुढे कुठे न्यूट्रल तुटली की कूलर, फ्रिज, लॅपटॉप सगळ्यांच्या पत्र्यावर पूर्ण करंट येतो. दर उन्हाळ्यात आपल्याच पेपरात कूलरचा शॉक लागून कोणीतरी गेल्याची बातमी असते, कधी पाणी भरणारी बाई, कधी खेळणारं लेकरू. ती बातमी आणि माझ्या टचपॅडचा नाचणारा बाण ह्यांच्यामागे एकच मेलेली अर्थिंग असू शकते. टचपॅड आपल्याला झिणझिण्यांवर सांगून टाकतं, कूलर तेवढी संधी देत नाही. म्हणून ज्यांच्या घरी लॅपटॉप चार्जर लावल्यावरच वेडं होतं त्यांनी लॅपटॉप दुकानात न्यायच्या आधी घरची अर्थिंग दाखवून घ्यावी, हे मी हात जोडून सांगते.

अर्थात प्रत्येक वेळी अर्थिंगच असते असं नाही. चार्जरच मुळात दोन पिनचा असेल तर खड्ड्यात कितीही पाणी घाला, उपयोग नाही, तिथे चार्जर बदलून पाहावा लागतो, आणि डुप्लिकेट चार्जरने तर हा त्रास पुष्कळदा होतो. टचपॅड अजिबातच हलत नसेल तर वरच्या एफवाल्या ओळीत टचपॅडचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलंय का बघा, काही लॅपटॉपमध्ये पॅडच्या कोपऱ्यात दोनदा टिचकी मारली की ते बंद होतं, लेकरं नेमकं तेच करतात. कमी व्होल्टेजचं म्हणाल तर चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, येणाऱ्या लाइनच्या शेवटच्या टोकाला १६० मिळाले तरी चार्जर चालतो, त्यासाठी स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही. वाईट असतो तो लाइन परत येतानाचा झटका, लाइन गेली की पिन काढून ठेवायची सवय लावा.

आता बॅटरी. दिवाळीच्या सुमारास टचपॅडची डावी बाजू दाबलीच जाईना, उजवी बाजू किंचित वर आलेली, आणि लॅपटॉप टेबलावर ठेवला की पाटावरच्या वाटीसारखा डुलायचा. अर्थिंगवर माझा आता एवढा विश्वास की मी आधी खड्ड्यात पाणी घातलं. पण चार्जर काढला तरी फरक नाही. मग उलटा करून पाहिला तर बॅटरी पुरीसारखी फुगलेली. खूप लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या बरोबर खालीच असते, ती फुगली की पॅडला खालून ढकलते, लोक पॅड बदलतात आणि बॅटरी तशीच ठेवतात. ही लिथियमची बॅटरी, जुनी झाली आणि सतत तापली की आत गॅस तयार होतो. बहुतेक लॅपटॉपच्या कागदावर चालवायचं तापमान ३५ अंशापर्यंतच दिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ असतं, टिनाखाली त्याहून जास्त, त्यात मी तो दिवसभर चार्जरला लावून ठेवायची.

फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चाकूने उचकटू नका, आणि परत चार्ज तर अजिबात करू नका, ती पेट घेते. मॅकबुकसारखी आत चिकटवलेली असेल तर घरी हात लावू नका, मशीन बंद करून माहीतगार माणसाकडेच न्या. माझी बाहेर निघणारी होती म्हणून अलगद निघाली. आज माझा लॅपटॉप बिना बॅटरीचा चालतो, लाइन गेली की बंद पडतो, पण चालतो. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि ११ ह्याच्यावर चढत नाही, त्यामुळे कधीतरी दुसरा घ्यावाच लागेल हे मलाही कळतं, पण ते मी माझ्या सवडीने घेईन.

संपादक साहेब, आता विनंती. आमच्या तालुक्याला आयटीआय आहे, तिथे पोरं वायरमनचं शिकतात, इलेक्ट्रिशियनचं शिकतात, कॉम्प्युटरचं शिकतात. महिन्यातून एक दिवस, आठवडी बाजाराच्या दिवशी, ह्या पोरांनी सरांच्या देखरेखीखाली लोकांचे बंद पडलेले लॅपटॉप लोकांसमोर उघडून पाहिले आणि उन्हाळ्याच्या तोंडावर गावात फिरून शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत आणि आमच्यासारख्या केंद्रांची अर्थिंग तपासली, तर पोरांना हात बसेल आणि आमचे पैसे वाचतील. तुमच्या पेपरने हे लावून धरलं तर होईल, मी एकटीने अर्ज देऊन पाहिला, उत्तर आलं नाही.

आणि दुसरं, ती बॅटरी. २०२२ मध्ये केंद्र सरकारने वापरलेल्या बॅटऱ्यांसाठी नियम केले, बॅटरी बनवणाऱ्या कंपनीनेच ती परत गोळा करायची अशी जबाबदारी त्यात आहे. नियम चांगला आहे, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातल्या बाईने ती नेऊन द्यायची कुठे? मी तालुक्याला तीन दुकानांत विचारलं, दोघांनी नको म्हटलं, तिसरा म्हणाला उकिरड्यात टाका. उकिरड्याला आमच्याकडे उन्हाळ्यात आग लागतेच. म्हणून मी ती एका पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत पुरून, घरापासून आणि गोठ्यापासून लांब, बांधावरच्या कडुनिंबाखाली ठेवली आहे, डब्यावर लाल रंगाने लिहिलं आहे, लेकरांना तिकडे जाऊ देत नाही. अजून तिथे सावली आहे, पण पानगळ सुरू झाली आहे. ऊन तापायच्या आत तहसीलवर नाहीतर ग्रामपंचायतीत अशा बॅटऱ्यांसाठी एखादी पेटी ठेवतील का, एवढं आपण विचारून छापाल का?

आपली,
फॉर्म केंद्र चालवणारी एक वाचक,
जि. यवतमाळ